चाळीस डबे, एकच आकडा

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात अजून कुणाला धड कळलेलं नाही. नातेवाइकांच्या लेखी मी "फोनच्या कंपनीत" आहे. त्यामुळे लग्नकार्यात भेटले की लोक आपापला मोबाइल माझ्यापुढे करतात आणि आवाज का तुटतो ते विचारतात. सुरुवातीला मी समजावून सांगायची. आता मी मोबाइल हातात घेते, बंद करून चालू करते आणि परत देते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं आणि माझी हुशारीही सिद्ध होते.

खरं सांगायचं तर माझं अर्धं आयुष्य या बंद करून चालू करण्यातच गेलं. बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमची छोटी कंपनी आहे. आम्ही व्हॉइस गेटवे बनवतो. नाव भारदस्त आहे, पण वस्तू म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढा एक पत्र्याचा डबा. त्याच्या एका बाजूला साधे टेलिफोन जोडायचे, दुसऱ्या बाजूला इंटरनेटची वायर. साध्या फोनमधला आवाज इंटरनेटवरून पाठवायचा आणि तिकडचा इकडे आणायचा, एवढंच त्याचं काम. डबा स्वतः काही ठरवत नाही. कुणाचा फोन कुणाला जोडायचा हे मुख्य सर्व्हर ठरवतो आणि डबा मुकाट्याने ऐकतो.

आता असा डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला तर काय व्हावं? बाहेरच्या माणसाला वाटतं, सुरू झाला, विषय संपला. पण सर्व्हरच्या डोक्यात जुनंच चित्र असतं. त्याला वाटत असतं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अजून मुलाशी बोलतायत. म्हणून सुरू झालेल्या डब्याने आधी सर्व्हरला कळवायचं असतं, की मी मध्ये गेलो होतो, आता आलोय, माझ्या नावावरचं जुनं सगळं पुसून टाक. सर्व्हरने "बरं" म्हटलं की मगच त्या डब्यावरचे फोन कामाला लागतात. ठरवून बंद व्हायचं असेल तर तेही आधी सांगायचं, म्हणजे चालू बोलणी संपेपर्यंत सर्व्हर नवीन कुणाला त्याच्याकडे पाठवत नाही. डब्यांच्या या रीतीभाती आहेत आणि माणसांच्या रीतींपेक्षा त्या बऱ्या आहेत असं माझं बरीच वर्षं मत होतं.

घोडं पेंड खातं ते वीज जाऊन परत आल्यावर. वीज येते तेव्हा सगळीकडे एकदम येते. चाळीस डबे असले तर चाळीसही एका क्षणी जागे होतात आणि एका दमात सर्व्हरला "आलो, आलो" म्हणून ओरडायला लागतात. त्यात प्रत्येक डब्यावर दहा-बारा फोन आणि प्रत्येक फोनची वेगळी खबर. सर्व्हर गांगरतो, कुणालाच धड उत्तर देत नाही, मग ते पुन्हा ओरडतात आणि गोंधळ आणखी वाढतो. यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. प्रत्येक डब्याने जागं झाल्यावर मनात एक आकडा धरायचा आणि तेवढे सेकंद गप्प बसायचं. कुणी चार, कुणी नव्वद, कुणी दोनशे. आकडा कोणताही चालतो, फक्त प्रत्येकाचा वेगळा हवा.

हा आकडा धरणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते. कंपनीत नवीन कुणी आलं की मी त्याला फळ्यापाशी उभं करायची, चाळीस चौकोन काढायची आणि हे सगळं समजावून सांगायची. फळा आणि खडू दिसला की मला राहवत नाही, हा माझा जुना दोष आहे.

आमचे डबे शहराबाहेरच्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत बसवलेले आहेत. चार इमारती, प्रत्येकीला पाच मजले, मजल्यावर दोन डबे. प्रत्येक खोलीत पलंगाजवळ एक फोन आणि त्याच्यावर एक मोठं लाल बटण. ते दाबलं की खाली नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. तिथे आमच्या कंपनीचा एक माणूस कायम असतो. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का म्हणतात. ते निपाणीकडचे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात. माझंही तेच होतं, फक्त आमचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीला गावच उरलेलं नाही. आमच्या ऑफिसातल्या पुण्याहून आलेल्या मुली माझं बोलणं ऐकून तोंडावर हात ठेवतात. अण्णा मात्र कधी हसले नाहीत.

अण्णांना नोकरीबरोबर पंपघराच्या मागे दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे ते आणि त्यांची बायको राहायची. नोकरीचा करार वसाहतीकडून दरवर्षी नवा व्हायचा. साठीला त्यांची दोन वर्षं उरली होती, आणि नोकरी गेली की खोल्याही गेल्या हे सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी त्या वसाहतीत विजेचं नवीन पॅनेल बसलं. आधी वीज गेली की जनरेटर चालू करून प्रत्येक मजल्याचा खटका माणसाने हाताने वर करायचा असे. नव्या पॅनेलमध्ये ते सगळं आपोआप आणि एकदम व्हायचं. ते बसून आठवडा झाला असेल, एका मंगळवारी अण्णा चिकपेटला गेले. मुलीचं डोहाळजेवण होतं, साडी घ्यायची होती. वसाहतीच्या मॅनेजरना तोंडी सांगून ते गेले होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास वीज गेली. जनरेटर लागला, दिवे, पंखे, लिफ्ट सगळं चालू झालं, आणि फोन मात्र एकही लागेना.

दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. ऐंशीच्या घरातल्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्या नेमक्या त्याच वेळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. सरकत सरकत पलंगापर्यंत आल्या आणि लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिल्या. खाली काही वाजलं नाही. अर्ध्या तासाने जेवणाचं ताट न्यायला आलेल्या बाईला त्या जमिनीवर बसलेल्या सापडल्या. मनगट मोडलं होतं.

तोवर मॅनेजरनी अण्णांना मोबाइलवर गाठलं होतं. चिकपेटच्या दुकानात गादीवर बसून, साडी मांडीवर तशीच उघडी ठेवून, अण्णांनी त्यांना सांगितलं: सगळे खटके पाडा, मग एकेक मजला करून चालू करा, प्रत्येक मजल्यामागे दोन मिनिटं थांबा. तसं केल्यावर फोन लागायला लागले.

आणि हेच अण्णांच्या अंगाशी आलं. टीचरच्या मुलीने लेखी तक्रार केली. मॅनेजरनी सरळ अण्णांकडे बोट दाखवलं. म्हणाले, या माणसाला इलाज माहीत होता म्हणजे आजारही माहीत होता, मग पॅनेल बसवताना तो बोलला का नाही, आणि त्या दिवशी जागेवर का नव्हता? तोंडी दिलेल्या परवानगीचं त्यांना आता काही आठवत नव्हतं. करार याच महिन्यात संपत होता. तो नवा करायचा नाही, असं त्यांनी आमच्या सरांना फोनवर सांगून टाकलं. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. त्यांनी मला जाऊन बघायला आणि रिपोर्ट लिहायला सांगितलं.

बुधवारी मी गेले. अण्णांनी मला चारही इमारती दाखवल्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता आणि जिना चढताना ते कठडा धरून चढत होते. लिफ्टने जाऊ म्हटलं तर म्हणाले, "सवय आहे की." मी प्रत्येक मजल्यावरचे डबे तपासले. एकाही डब्यात दोष नव्हता. मनातून मला हायसं वाटलं, हे मी इथे लिहून टाकते. परतीच्या वाटेवर रिपोर्टचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं: उपकरणं ठीक आहेत, सुरू करण्याची पद्धत पाळली गेली नाही. वाक्य चांगलं होतं, आणि त्यात अण्णांची नोकरी जात होती. पण आमचे डबे सुटत होते.

गुरुवारी दुपारी रिपोर्टला जोडायची चाचणी करायला बसले. आमच्या टेबलावर आजवर तीनच डबे असायचे आणि त्यांची बटणं मी हाताने, एकामागून एक दाबायची. त्या दिवशी मला नव्या पॅनेलसारखं करायचं होतं. पाठवणीसाठी पॅक केलेले बारा डबे मी सोडवले, सगळे एका बोर्डावर जोडले आणि एकच खटका वर केला.

सत्तेचाळिसाव्या सेकंदाला बाराही डबे एकदम बोलले.

मला वाटलं काहीतरी योगायोग असेल. बंद करून चालू केलं. पुन्हा सत्तेचाळीस. तिसऱ्यांदाही सत्तेचाळीस. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर पुन्हा बोलायचं, तर तेही सगळे पुन्हा एकाच क्षणाला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, कारण कारण मीच होते. यंत्राला मनात आकडा धर म्हटलं की त्याला कुठूनतरी सुरुवात करून द्यावी लागते. मी ती घड्याळावरून करून दिली होती. पण आमच्या डब्यातल्या घड्याळाला बॅटरी नाही. डबा जागा झाला की दर वेळी त्याला वाटतं, वेळ आत्ताच सुरू झाली. सुरुवात सगळ्यांची एकच, म्हणून आकडाही सगळ्यांचा एकच. चाळीस जणांनी चिठ्ठ्या उचलायच्या आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर सत्तेचाळीस लिहिलेलं, असा तो प्रकार होता. प्रत्येक डब्यामागे छापलेला त्याचा स्वतःचा नंबर यात मिसळावा, असं ज्या नियमावलीवरून मी काम केलं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ती ओळ मी वाचली होती. पेन्सिलने खूणही केली होती. घड्याळ पुरे, असं मला वाटलं. आणि टेबलावर बटणं मी पुढेमागे दाबायची, म्हणून डबे पुढेमागे बोलायचे, आणि मी समजायची की प्रोग्रॅम चालतोय.

मग मला आणखी एक गोष्ट बघावीशी वाटली. नसती बघितली तर बरं झालं असतं असं आजही कधीकधी वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी कॉम्प्युटरवर साठवलेल्या असतात. त्या वसाहतीच्या जुन्या तक्रारी मी उघडल्या. नऊ वर्षांपूर्वीची, अण्णांची, तीन ओळींची एक तक्रार होती. सगळ्यांना वीज एकदम दिली की फोन लागत नाहीत. मजल्यामजल्याने दिली की लागतात. बघावे. तिच्याखाली माझं उत्तर होतं: "एकेक करून सुरू करावे. तक्रार बंद." मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मला घाई असेल, किंवा नसेलही. दोन वाक्यांत मी मोकळी झाले होते, आणि तिकडे एक माणूस नऊ वर्षं वीज गेली की चार इमारतींचे जिने चढत होता.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी मी सरांना सांगितलं. तक्रारीसकट सगळं सांगितलं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग कन्नडमध्ये म्हणाले, "आधी दुरुस्त कर. सोमवारी तिथे मीटिंग आहे. रिपोर्टमध्ये सुधारित आवृत्ती बसवली एवढंच येऊ दे."

"आणि अण्णा?"

"त्याला आपण दुसऱ्या साइटवर घेऊ."

"त्यांच्या खोल्या?"

"बघू. सोमवारपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस."

मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. आमच्या गावात सरी म्हणणं फार सोपं आहे, तोंडातून आपोआप निघतं.

शुक्रवारी सकाळी मी दुरुस्ती केली. एका ओळीचं काम होतं, चहा निवायच्या आत झालं. बाराही डबे वेगवेगळे बोलायला लागले. ते बघत होते तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"अक्का, एक विचारू काय? तुम्ही कवाच सांगितलासा, एकेक करून चालू करा म्हणून. नऊ वर्षं तसंच केलो. ते नवीन पॅनेल आल्यावर मला कळायला पाहिजे होतं की वो. आणि त्या दिवशी मी नव्हतोच. म्हणजे चूक माझीच झाली म्हणायची, न्हवं?"

माझ्यासमोर स्क्रीनवर बारा वेगळे आकडे होते. चार शब्दांचं काम होतं.

"रिपोर्ट अजून व्हायचाय, अण्णा," मी म्हटलं. "बघते मी."

"सरी सरी," ते म्हणाले. "तुम्ही बघालासा म्हणजे काय काळजी नाही." आणि फोन ठेवला.

शनिवार-रविवार मी मूग गिळून बसले. घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्या बाजूचं काही नव्हतं. शनिवारी बाजारात गेले आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून एका म्हातारीशी भांडले. रविवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले. माझ्या मनात एक वाक्य घोळत होतं, की सोमवार काही लांब नाही. सोमवारी काय ते बघू. मी खरं बोलणार की नाही हे मात्र मी स्वतःशीसुद्धा ठरवत नव्हते.

सोमवारी अकरा वाजता वसाहतीच्या ऑफिसात आम्ही बसलो. मॅनेजर, टीचरची मुलगी, हाताला प्लास्टर घातलेल्या टीचर, सर आणि मी. अण्णा दाराशी उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, मीही नाही. सरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. मॅनेजरनी तो चाळला आणि सांगितलं की यंत्रं आता सुधारली आहेत, ही चांगली गोष्ट आहे, आणि माणसाबद्दलचा त्यांचा निर्णय झालेला आहे. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून मिळाव्यात. अण्णांनी मान हलवली.

सगळे उठायच्या बेतात होते, तेव्हा टीचर म्हणाल्या, "थांबा. मला एक समजावून सांगा. मी बटण दाबलं, तेव्हा आत काय झालं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना थोडक्यात वाटेला लावू शकले असते. पण त्यांनी डाव्या हाताने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला होता, आणि समजावून सांगायला लागले की मला थांबता येत नाही. मी चौकोन काढले. वीज येते, सगळे डबे जागे होतात, सगळ्यांनी एकदम बोलू नये म्हणून प्रत्येक जण मनात एक आकडा धरतो. टीचर नीट ऐकत होत्या, मध्ये मध्ये मान हलवत होत्या.

"म्हणजे प्रत्येकाचा आकडा वेगळा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग त्या दिवशी सगळे एकदम कसे बोलले?"

इतका साधा प्रश्न होता. सरांनी खोकून बघितलं. मी पेन खाली ठेवलं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी चूक केली होती. सगळ्यांचा आकडा एकच येत होता."

मग उरलेलं सगळं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, टेबलावरच्या तीन डब्यांचं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी अण्णांनी तक्रार केली होती आणि मी ती दोन वाक्यांत बंद केली होती, हेही सांगितलं. त्यांच्या जिने चढण्यामुळेच तुमचे फोन इतकी वर्षं लागत होते, असं मी मॅनेजरना म्हटलं. अण्णा दाराशी तसेच उभे होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

टीचरच्या मुलीचा पहिला राग माझ्यावर निघाला आणि तो निघायलाच हवा होता. माझी आई अर्धा तास जमिनीवर होती, असं ती दोनदा म्हणाली. मी माफी मागितली. मग टीचरनी मॅनेजरना विचारलं की आता या माणसाला घालवायचं कारण काय? मॅनेजरनी कागद उलटेसुलटे केले. कारण उरलं नव्हतं. करार नवा करायचं ठरलं. मॅनेजरना तोंडी परवानगीसुद्धा तेव्हाच आठवली. निघताना टीचरची मुलगी माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली की तिचा राग गेलेला नाही, पण असं उघड कबूल करायला हिंमत लागते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं. आपण माणूस म्हणून तितक्या वाईट नाही, असंही वाटून गेलं.

बाहेर व्हरांड्यात अण्णा माझी वाट बघत होते. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरं झालं अक्का, बोललासा," ते म्हणाले. "एक काम करालासा काय? स्वल्प घरी येऊन हिला सांगा. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही."

"काय पटायचं नाही?"

त्यांनी पट्टा बांधलेला गुडघा हाताने दाबला. "परवा शनिवारी ती टीचरच्या खोलीत जाऊन त्यांच्या पाया पडून आली. माझ्या नवऱ्याकडनं चूक झाली, पोटात घाला म्हणून. मी नको म्हटलो, ऐकली नाही. मीच तिला सांगितलतो, चूक माझीच आहे म्हणून. मला तसंच वाटत होतं."

टीचर आत याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी तो प्रश्न का विचारला, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, मी त्यांच्यामागून निघाले.

पंपघराच्या मागे दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती. बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या आणि खाली तीन खोकी होती. अण्णांच्या बायकोने भांडी बांधायला घेतली होती. पातेली वर्तमानपत्रात गुंडाळून एकात एक बसवलेली. मला बघून त्या उठल्या, पदर नीट केला आणि बसायला चटई टाकली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. चूक अण्णांची नव्हती, माझी होती, नऊ वर्षांपूर्वीपासून माझी होती, करार नवा होतोय, खोल्या राहतायत. अण्णा दाराबाहेर चपलांपाशी थांबले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोल्या राहतायत हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांनी ते पुसले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

मघाच्या मीटिंगमध्ये हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलंही नव्हतं.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"शुक्रवारी यांनी तुम्हाला फोन केलता. मी इथंच बसले होते."

"हो."

"मग शनिवारी मी कशाला गेले?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मला लाज वाटली. नुसती लाज, तिच्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी खाली बसले, जवळच्या खोक्यातून एक पातेलं काढलं, त्याचा कागद सोडवला आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते घेतलं. फळीकडे बघितलं. मग तोच कागद पुन्हा त्याच्याभोवती गुंडाळला आणि ते खोक्यात होतं तिथे ठेवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर लावते."